जोरात गेलं की मी दगड होतो

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. मी दूधवाल्या सोमनाथच्या मोटारसायकलचा, गचके झेलणारा मागचा शॉकप बोलतोय. त्या वेळेला सोमनाथनं दुधाचे कॅन भराभरा उतरवले आणि आपल्या भावजयीला, शिवकन्याला, मागं बसवलं. आठवा महिना तिला. पहाटेपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. बीडचा दवाखाना गाठायचा होता.

माझं पोट म्हणजे एक नळी. तिच्यात तेल आणि एक दांडी. दांडी आत आली की तेल बारीक भोकांतून पलीकडं सरकतं. हळू आली तर तेलाला वाट मिळते, मी मऊ राहतो. पण गाडी स्पीडब्रेकरवर जोरात घातली की दांडी एकदम घुसते. एवढ्याशा भोकातून एवढं तेल जाणार कसं? ते अडतं, मी दगड होतो आणि सगळा दणका वर बसलेल्याला जातो. त्यात कॅनच्या वजनानं गाडी बसू नये म्हणून सुंदरराव मिस्त्रीनं माझ्या स्प्रिंगच्या वेढ्यांत टायरचे तुकडे ठोकलेले, म्हणून मी आधीच कडक.

मांजरसुंब्याच्या पुढं पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी उडाली.

"भाऊजी, हळू!"

"भिऊ नका वैनी. जोरात गेलं की गचका कळत न्हाई. चार वर्सं झाली, कॅनातलं दूध सांडलं न्हाई माझं."

"कॅनाला झाकण असतंय. मी काय कॅन हाय का?"

तो हसला. वेग वाढवायला गाडीचा कान मात्र पिळतच राहिला. मला वरचं काही दिसत नाही, वजन तेवढं कळतं. तिचं वजन सीटवरून उठायचं आणि धपकन माझ्यावर यायचं. मी किती जीव तोडून सांगत होतो, अरे हळू, हळू! दुसऱ्या स्पीडब्रेकरला माझं सील फुटलं. तेल भळाभळा वाहिलं.

"उतरवा मला! मी चालत जाते बीडला!"

"वैनी, येळ जाईल."

"येळ जाऊ द्या. लेकरू जायला नको."

गाडी थांबली.  मग सोमनाथ तिला घेऊनच, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, एकेक खड्डा चुकवत निघाला. पण आता माझ्यात तेलच नव्हतं. स्प्रिंग नुसती हिंदकळत होती, तिला आवरायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.

आता मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा आहे. मघाशी सोमनाथनं फोनवर छबुबाईला, आपल्या आईला, सांगितलं, "आये, लेकराचे ठोके हायेत. पण लई कमी हायेत म्हणल्या डॉक्टर मॅडम. उद्यापतोर काय सांगता येत न्हाई." मग तो माझ्याजवळ उकिडवा बसला, मला चाचपलं आणि तेलानं माखलेली बोटं बघत राहिला.

मला वाचा नाही, तुम्हाला आहे. पोटुशी बाई कुणाच्या गाडीवर बसताना दिसली तर चालवणाऱ्याला अडवा. म्हणा, बाबा, स्पीडब्रेकरवर हळू जा. आणि त्याला म्हणा, हे पुढच्यालाही सांग.