पडद्याआडचा हात

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात मैनाबाईची सुभद्रा सातव्या महिन्याची कळंबला माहेरी आली, आणि घरात एकच घोर लागला: हिरवा चुडा कोण भरणार?

बांगड्या भराव्या त्या सुग्राबी मन्यारणीनंच. हात सुजलेला असो की कामानं राठ झालेला, ती बोटं दाबत दाबत पंजा असा मऊ करी, की काच कधी सरकली ते कळतही नसे. गर्भारणीच्या हातात बांगडी वाढली, म्हणजे पिचली, की घरभर धसका, आणि सुग्राबीच्या हातून ती वाढल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण तिचा वरचा ओठ जन्मापासून नाकापर्यंत फाटलेला. गर्भारणीनं ते तोंड पाहिलं तर पोटातल्या लेकराचाही ओठ फाटतो, असं आमच्या शहाण्या बाया सांगत. सुग्राबीच्या आईनं कुणाचं तोंड पाहिलं होतं, हे मात्र एकीलाही सांगता येत नसे.

"पहिला पाळणा आहे व," मैनाबाई ओशाळून सुग्राबीला म्हणाली. "विहीण म्हणते, तिले बोलावू नका. मी काय करू?"

आतून सुभद्रा ओरडली, "माय, लहानपणापासून तिच्याच हातानं भरल्या मी. आताच काहून नाही?"

सुग्राबी पदराआड हसली. तिचं लग्न नाही, लेकरू नाही. या पोरीचा हात तिनं पाळण्यातल्या काळ्या मण्यांपासून धरलेला. हा चुडा दुसरीनं भरावा, हे काही तिला सोसणार नव्हतं.

"कायले भांडता?" ती नाकातून म्हणाली. "पडदा लाव ना, मैनाबाई. मी इकडं, बेटी तिकडं. मले तं हातच लागते."

दारात सुभद्रेच्या बापाचं, वामनरावांचं धोतर टांगलं. कडेनं हात बाहेर आला. सगळा चुडा भरून झाला, एक काच तडकली नाही. शेवटी सुभद्रेनं पडद्याआडून सुग्राबीचं बोट घट्ट धरून ठेवलं.

"सोड बेटी," सुग्राबी हळूच म्हणाली. पण आपण काही हात ओढला नाही.

पोळ्याच्या सुमाराला मुलगी झाली. ओठ कसे, कोरून काढल्यासारखे! मला वाटलं, आता तरी बायांची तोंडं बंद होतील. कसचं काय. "पडद्यानं गुण आला," असं गावभर झालं. लेकरू तसं निघालं असतं तर दोष सुग्राबीचा असता. नीट निघालं, तर श्रेय धोतराचं.

मग घरोघरी पडदे लागले. आधी गर्भारणीला, मग बाळंतिणीला, मग नव्या नवरीला, मग उगीचच. सुग्राबी आली की पाण्याच्या तांब्याआधी दोरी निघे. पडद्याची युक्ती तिचीच. नाही कशी म्हणणार?

चारेक वर्षांनी बाजाराच्या दिवशी मी तिच्या दुकानात बसले होते. सुभद्रा लेकीला घेऊन आली. पुन्हा दिवस गेलेले. ती दुकानाकडे पाठ करूनच उभी राहिली आणि हात तेवढा मागं केला.

"राग नको मानू, मावशी," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "पोटात जीव आहे."

"राग कायचा, बेटी?" सुग्राबीनं तो हात हातात घेतला. या वेळी बोट कुणी धरलं नाही.

मग पोरगी पुढं आली. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपली आपणच फतकल मारली, डोळे गच्च मिटले आणि हात पुढं केला. शहाणी पोर.

सुग्राबीनं बारक्या बांगड्या भरल्या, अगदी सावकाश.

"झालं का?" पोरीनं विचारलं.

सुग्राबीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"झालं, बेटी. उघड डोये."