आधी कोरी काच

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि माझ्या एकुलत्या एका डोळ्यात बुरशी वाढली आहे. ती आपोआप वाढली नाही. मला दमट कपाटात कोंबून, वर प्लास्टिकची पिशवी घालून, ज्यांनी दार लावून घेतलं त्यांनी ती वाढवली. मित्रांनो, म्हातारी वस्तू गोड बोलते असं तुम्हाला वाटत असेल. मी तसा नाही. मी आयुष्यभर लोकांचा बेडका बघितला आहे. मला गोड बोलायची सवय नाही.

माझा जन्म एका थंड देशातला. तिथल्या कारागिरांनी माझी भिंगं महिनोन् महिने घासली. मग लाकडी पेटीत बसून, आधी जहाजानं आणि नंतर नावेनं, मी कंबोडियात तोन्ले साप तळ्याच्या काठी आलो. लढाया नुकत्याच थांबल्या होत्या. गावाचा दवाखाना म्हणजे खांबांवर उभं केलेलं एक लाकडी घर होतं. वीज नव्हती. मला तिची गरजही नव्हती. माझ्या पायाशी एक गोल आरसा आहे. सकाळचं ऊन त्यात पडलं की मला दिसू लागतं. ते ऊन आठवलं की आजही माझ्या पितळी अंगात ऊब येते.

मला चालवणारा माणूस होता सारुन. उंच, हाडकुळा, बोटं कायम निळी. गावात सगळे त्याला 'बोंग सारुन' म्हणत. बोंग म्हणजे थोरला भाऊ. क्षयाचा संशय असला की माणूस डबीत बेडका घेऊन यायचा. नुसती थुंकी आणली की सारुन ओरडायचा, "ही लाळ आहे! छातीतून काढ, छातीतून! लाळेत काय बघू, तू सकाळी काय खाल्लंस ते?"

मग तो बेडका काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा, वाफ निघेपर्यंत. पुढे आम्लानं धुवायचा. सगळ्याचा लाल रंग उडून जातो. क्षयाचा जंतू मात्र हट्टी, तो लाल तो लालच. शेवटी निळा रंग. मग तेलाचा एक थेंब आणि माझं भिंग खाली. निळ्या रानात बारीक लाल काडी दिसली की तो माणूस आजारी. एका काचेवर शंभर जागा बघायच्या, असा नियम होता. सारुन शंभर बघायचा. नव्व्याण्णव नाही. काम झालं की भिंगावरचं तेल मऊ कापडानं टिपायचा आणि रोज संध्याकाळी मला भाजलेल्या तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायचा. तांदूळ ओल शोषून घेतो. इतकं मला नंतर कोणी जपलं नाही.

आता चुकीबद्दल सांगतो. ती लपवणारे खूप भेटले. मी लपवणार नाही.

विहिरीचं पाणी तिथं लोखंडी, तांबूस. काचेवर डाग सोडायचं. म्हणून काचा धुवायला सारुन पावसाचं पाणी वापरायचा. त्या गावात प्रत्येक घरापुढे माणसाच्या कमरेएवढा रांजण असतो. छपरावरचं पावसाचं पाणी त्यात साठवतात आणि वर्षभर पितात. पावसाच्या पाण्याइतकं स्वच्छ जगात काही नाही, अशी तिथल्या माणसाची श्रद्धा. सारुनचीही तीच. दवाखान्याच्या ओसरीवरच्या रांजणातून तो रोज तांब्या बुडवायचा.

एका वर्षी उन्हाळा लांबला. एप्रिलातला नव्या वर्षाचा सण आला आणि रांजणात तळाचं वीतभर पाणी उरलं. त्याच दिवसांत मला लाल काड्याच लाल काड्या दिसू लागल्या. महिन्याला दोन-तीन रुग्ण सापडायचे, ते एका महिन्यात नऊ झाले. प्रांताच्या मुख्य गावाहून मोठे साहेब आले. सारुनची पाठ थोपटली. रंगीत किनारीचा कागद दिला, "उत्तम रुग्णशोधन" लिहिलेला. सारुननं तो माझ्या वर भिंतीला टांगला.

त्या नऊ जणांत सोफोआन होती. ती सकाळी तांदळाच्या शेवया आणि माशाचा रस्सा विकायची. मुलगी पाच महिन्यांची. प्रत्येकाच्या तीन काचा बघायच्या असत; तिच्या तिन्ही लाल निघाल्या आणि त्याच दुपारी तिच्या सासूनं, यिए मोमनं (यिए म्हणजे आजी), बाळ उचललं आणि आपल्या थोरल्या लेकीकडे पलीकडच्या गावी नेलं. शेवया घ्यायला कोणी येईना. सोफोआन रोज दवाखान्यात यायची आणि सारुनसमोर गोळ्या गिळायची. नियमच तसा होता. तिच्या झग्यावर छातीशी दोन ओले डाग असायचे. दुधाचे. सारुन नजर खाली घालायचा.

"बोंग," ती एक दिवस म्हणाली, "मला खोकला रस्सा परतताना लागतो. मिरचीनं."

"तीन काचा खोट्या नसतात गं."

"नसतील. तुम्ही शिकलेले. पण दूध आटत चाललंय. सहा महिन्यांनी बरी झाले तर पाजू काय तिला? गोळ्या?"

ती गेल्यावर त्यानं तिची जुनी काच काढली आणि माझ्याखाली ठेवली. मित्रांनो, मी तो क्षण विसरणार नाही. त्यानं माझं बारीक चाक अगदी केसभर फिरवलं. लाल काड्या स्पष्ट झाल्या, पण बेडक्यातल्या निळ्या पेशी पुसट झाल्या. पुन्हा केसभर मागे. पेशी स्पष्ट, काड्या पुसट. क्षयाचे जंतू बेडक्यात रुतलेले असतात. दोन्ही एकदम दिसायला हवेत. ह्या काड्या वर तरंगत होत्या, नंतर येऊन बसल्यासारख्या.

त्यानं एक कोरी काच घेतली. तिच्यावर कोणाचाही बेडका नाही, काहीच नाही. तिलाच लाल रंग दिला, आम्लानं धुतली, रांजणाचं पाणी ओतलं, निळा रंग दिला आणि माझ्याखाली सरकवली.

कोऱ्या काचेला क्षय झाला होता.

सारुन ओसरीवर गेला आणि त्यानं रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. तळ बुळबुळीत होता. पाण्यात, मातीत, अशा बुळबुळीत थरात क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ राहतात. माणसाला सहसा त्रास देत नाहीत, पण लाल रंग तेवढ्याच हट्टानं धरून ठेवतात.

दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, "मग पाणी उकळून घ्या, त्यात काय एवढं!"

"उकळून मेलेला जंतूसुद्धा लालच दिसतो. मेल्यानं रंग बदलत नाही."

साहेब पुन्हा आले तेव्हा सारुननं सगळं सांगितलं. साहेब दार लावून बोलले. मी तिथंच होतो, मला कोण बाहेर काढणार?

"वेडा आहेस का? आकडे वर गेलेत. अहवाल राजधानीत पोचलाय. गप्प राहा. गोळ्या खाऊन कोणी मरत नाही."

"आकडे रांजणातून आलेत, साहेब," सारुन म्हणाला. भिंतीवरचा कागद काढून त्यानं त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो घेतला नाही. टेबलावर पडून राहिला.

आता स्वच्छ पाणी हवं होतं, म्हणजे वाफ धरून थंड केलेलं; वाफेबरोबर ना जंतू येतात, ना लोखंड. गावात वाफ धरणारं एकच यंत्र होतं, शेजाऱ्याची तांदळाच्या दारूची भट्टी. सारुननं ती घासून घेतली आणि दिवसभर त्यात विहिरीचं पाणी चढवलं. लोक जमले.

"बोंग, मला आधी चाखायला द्या!"

"पाणी आहे रे."

"भट्टी लावून पाणी? बायकोनं हाकललं तरी माणूस एवढा बिघडत नाही!"

हसू दे. त्या पाण्यानं धुतलेली कोरी काच माझ्याखाली आली, ती निळी आणि रिकामी. मग सारुन सायकलवरून नऊ घरी गेला. प्रत्येक दारात उभा राहून म्हणाला, "माझी चूक झाली. पुन्हा बेडका द्या." सहाजणांनी शिव्या दिल्या आणि बेडका दिला. दोघांनी नुसताच बेडका दिला. आठांतल्या सहा काचा स्वच्छ निघाल्या, दोन खरोखर लाल. सोफोआनच्या काचेवर मी शंभर जागा बघितल्या, मग आणखी शंभर. निळं रान, रिकामं.

यिए मोम बाळाला घेऊन दवाखान्याच्या शिडीशी आली. वर चढली नाही. "सारुन, तुझ्या काचेनं सत्तावीस दिवस पोर उपाशी ठेवलं," एवढंच म्हणाली आणि बाळ सोफोआनच्या हातात दिलं. बाळानं छातीशी तोंड नेलं, ओढलं, रडलं, पुन्हा ओढलं. बराच वेळ. मग रडणं थांबलं. सारुन खिडकीशी, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नववा माणूस राहिला. ता न्येम, म्हणजे न्येम आजोबा, म्हातारा कोळी. त्यानं पुन्हा बेडका दिला नाही, गोळ्याही सोडल्या. "रांजणातले किडे मला दाखवतो काय? जा, तळ्यातल्या बेडकांना चार तुझ्या गोळ्या!" म्हणून सारुनला हाकललं. सारुन सात वेळा गेला. त्याची जुनी काच मी बघितली होती. त्याच्या काड्या वर तरंगत नव्हत्या, पेशींत रुतल्या होत्या. पावसाळा संपायच्या आत तो रक्त ओकून गेला. खोटी काच सहा निरोगी लोकांना आजारी ठरवते आणि एका खऱ्या रोग्याचा विश्वास मारून टाकते. ह्याचा अहवाल कुठल्याच राजधानीत गेला नाही.

त्यानंतर वीस वर्षं सारुननं रोजचं काम कोऱ्या काचेनं सुरू केलं. तिच्यात काही दिसलं तर त्या दिवशी एकही रुग्ण तपासायचा नाही. ती वीस वर्षं माझ्या आयुष्याचा खरा पगार.

मग सारुन निवृत्त झाला. नवं यंत्र आलं. हुशार आहे, दोन तासांत उत्तर देतं. मला त्याचा राग नाही. राग आहे तो मला पुसून न ठेवता कपाटात कोंबणाऱ्यांचा. तेल भिंगावरच वाळलं.

गेल्या महिन्यात यंत्र बंद पडलं. सुटा भाग यायला वेळ लागणार होता. चारिया नावाची नवी मुलगी तिथं काम करते. तिनं कपाट उघडलं, माझी पेटी काढली. झाकणाच्या आत सारुनच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: "आधी कोरी काच." दाराबाहेर सहा रुग्ण खोकत होते. एक जण ओरडला, "अगं पोरी, आमचं कधी बघणार?"

"आधी माझं पाणी बघते," चारिया म्हणाली. "मग तुमचं."

तिनं माझ्या डोळ्यातली बुरशी पुसली, जेवढी निघाली तेवढी. आरसा खिडकीकडे वळवला. ऊन आलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी काचेत बघाल, कोणी कागदात. कोणाला रोगी, चोर किंवा खोटारडा ठरवण्याआधी स्वतःचा रांजण हात घालून बघा. आणि काम झालं की आमच्या अंगावरचं तेल पुसा. एवढंच मागतो.

चारियानं कोऱ्या काचेवरच्या शंभर जागा बघितल्या. माझा डोळा आता अधू आहे, पण मीही तिच्याबरोबर मोजत होतो. शंभरावी जागाही निळी होती, रिकामी.

"या," तिनं दाराकडे बघून हाक दिली. "पहिलं कोण आहे?"