काकड्यांच्या हंड्यातली लग्नाची बिअर

मी एक जुना हंडा आहे, मित्रांनो. निळ्या एनॅमलचा, दोन कानांचा, झाकणात थर्मामीटरसाठी भोक असलेला. चेक देशात, बोहेमियातल्या आमच्या गावात घरटी माझा एखादा भाऊबंद सापडेल. आमचा जन्म बिअरसाठी नसतो, काकड्यांसाठी असतो. उन्हाळा सरत आला की द्राहोमिराबाई माझ्या पोटात काकड्यांच्या आणि जर्दाळूंच्या बरण्या उभ्या करायच्या, गळ्यापर्यंत पाणी भरायच्या आणि थर्मामीटरवर डोळा ठेवून बसायच्या. पाणी चांगलं तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही, हे काम माझ्या अंगवळणी पडलं होतं. "माझा हंडा कधी दगा देत नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या, तेव्हा मी फुलून जायचो.

पुढे त्यांची मुलगी राडका नोकरीला शहरात गेली. खाणारी तोंडं कमी झाली, बरण्या कमी झाल्या आणि माझी रवानगी तळघरात झाली. पोटात बटाटे, झाकणावर जाळी. भंगाराची गाडी गावात आली की बाईंचे यजमान व्लास्तिमिल माझ्याकडे बघायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

व्लास्तिमिल म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना घरी बिअर करायचा भारी नाद. पण ती डब्यातली. माल्टचा तयार पाक डब्यात मिळतो, तो गरम पाण्यात ढवळायचा, वर यीस्ट टाकायचं, की झालं. त्याला माझ्यासारख्याची गरजच काय? प्लास्टिकची बादली पुरते.

मग राडकाचं लग्न ठरलं. मुलगा मोराव्हियाचा, म्हणजे वाइनच्या मुलखातला, घरचे द्राक्षांचे मळे. व्याही सिरिल पहिल्यांदा घरी आले, तेव्हा व्लास्तिमिलनी मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात ग्लास दिला. एक घोट घेऊन व्याही म्हणाले, "छान आहे. लहानपणी खोकल्याला देत, त्याची आठवण झाली." आणि यजमानांची पाठ वळताच त्यांनी उरलेला ग्लास खिडकीतल्या जिरॅनियमच्या कुंडीत रिता केला. कुंडीतल्या मातीवर फेस आला. व्लास्तिमिलनी तो पाहिला.

हे मला कसं कळलं? पाहुणे गेल्यावर नवराबायको तळघरात उतरले आणि माझ्यासमोरच जुंपली.

"लग्नात माझीच बिअर असेल. डब्यातली नाही, दाण्यापासून केलेली."

"आणि नाही जमली तर?"

"तर सिरिलची वाइन पिईन आणि मरेपर्यंत त्याचं ऐकून घेईन."

"मरेपर्यंत तू नाही, मी ऐकेन. तू घरी येऊन मलाच ऐकवशील," बाई म्हणाल्या. पण माझ्यातले बटाटे त्यांनीच काढले.

दाण्यापासून बिअर करायची तर मोठं भांडं लागतं, थर्मामीटर लागतो आणि एकसारखी ऊब लागते. हे सगळं माझ्याकडे होतंच. फक्त तोटी नव्हती. व्लास्तिमिलनी माझ्या तळाशी भोक पाडून ती बसवली, आतून तिला जाळी लावली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण भंगारापेक्षा भोक परवडलं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडायचे असतात, दळायचे नसतात, कारण त्यांची टरफलंच पुढे गाळणीचं काम करतात. पण आमच्या घरात दळायला एकच यंत्र, खसखशीची चक्की. व्लास्तिमिलनी तिच्यातून पोतंभर माल्ट काढला. मऊसूत पीठ बघून त्यांना वाटलं, जितकं बारीक तितकं उत्तम.

मी माझं काम चोख केलं. ऊब धरली, पीठ गोड झालं, स्वयंपाकघरभर वास सुटला. मग त्यांनी तोटी उघडली. दोन थेंब पडले आणि धार बंद. कालथ्याने ढवळलं, तोटीत फुंकलं, माझ्या अंगावर थापट्या मारल्या. काही उपयोग झाला नाही. पोतं संपलं होतं आणि बिअर मुरायला लागतात तेवढेच आठवडे लग्नाला उरले होते. व्लास्तिमिल स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आता या माणसाची शोभा होणार आणि मला भंगाराची गाडी.

द्राहोमिराबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं.

"बिअर केलीस की पोस्टर चिकटवायची खळ?"

"आत्ता नको, द्राहा."

"ऊठ. खिडकीचा पडदा काढ."

"लग्नासाठी आणलेला नवा?"

"जुन्याला भोकं आहेत. एल्डरबेरीचा रस गाळते तशी ही लापशी नव्यातून गाळू."

तुमच्याकडे श्रीखंडासाठी चक्का टांगतात ना, अगदी तसाच तो पडदा दोन खुर्च्यांवर आडव्या ठेवलेल्या झाडूच्या दांड्याला टांगला गेला. दोघांनी दोन बाजूंनी पिळला. सोनेरी रस टबात उतरला. मला घासूनपुसून तो पुन्हा माझ्यात ओतला. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं पडली, उकळी आली. बाईंनी चमचाभर चाखलं आणि दुसरा चमचा भरला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

लग्नाच्या दिवशी मी अंगणात होतो, पोटात बर्फ आणि बिअरच्या बाटल्या. बाईंनी व्याह्यांची खुर्ची मुद्दाम माझ्याशेजारी मांडली होती आणि तिच्याही शेजारी ती जिरॅनियमची कुंडी. व्याह्यांच्या हातात ग्लास गेला. तेवढ्यात व्लास्तिमिलना नाचायला ओढून नेलं. नाचताना त्यांची मान सारखी कुंडीकडे वळत होती. मग गर्दी मध्ये आली आणि त्यांना काही दिसेना.

सकाळी अंगणात नुसते रिकामे ग्लास होते. माझ्यात बर्फाचं पाणी उरलं होतं. व्लास्तिमिल स्लिपर घालून बाहेर आले, मागून बाई. दोघेही कुंडीपाशी थांबले. व्लास्तिमिलना हात लावायचा धीर होईना. शेवटी बाईंनी मातीत बोट खुपसलं.

"कोरडी ठणठणीत," त्या म्हणाल्या.

व्लास्तिमिल पायरीवर मटकन बसले. त्यांनी सोडलेला निःश्वास मला अजून आठवतो. माझाही जीव भांड्यात पडला, मीच भांडं असलो तरी.

बाईंनी माझ्यातलं पाणी मगाने काढून त्या तहानलेल्या रोपाला घातलं. म्हणून सांगतो मित्रांनो, घरातलं जुनं भांडं टाकण्याआधी एकदा घासून बघा. आणि घासलंत की नीट कोरडं करून ठेवा. मला ऑगस्टमध्ये काकड्या आहेत.