रिकाम्या पारड्याची तपासणी

एक्स-रे काढायला आलेल्या प्रत्येक बाईला मला एक प्रश्न विचारावाच लागतो : शेवटची पाळी कधी आली? पोटात बाळ असेल तर उगाच किरण मारायचे नसतात, म्हणून. पाच वर्षांत हजारो जणींना विचारला असेल. तोंडाला सवयच अशी जडली की एकदा कानटोपी घालून, पांघरुणात गुरफटून आलेल्या एका आजोबांनाही विचारून बसले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाले, "आता काही लक्षात नाही बुवा."

मी त्यांना वर्षभर हसले. म्हणूनच बहुतेक माझ्यावर ही वेळ आली.

चार वर्षं मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. तेव्हा पाळी कशी, पाकीट संपलं की तिसऱ्या दिवशी हजर. मग आम्ही गोळ्या बंद केल्या. मूल झालं तर चालेल, असं आमचं ठरलं होतं. 'हवंच' असं नाही; चहा घेणार का विचारल्यावर पाहुणा म्हणतो ना, तसं 'चालेल'. शेवटच्या पाकिटानंतर एकदा पाळी आली आणि जी गेली ती गेलीच. आज बावन्न दिवस झाले.

आणि नेमकी आत्ताच मला ऑपरेशन थिएटरची ड्युटी मिळत होती. तिथे हाडं जोडता जोडता डॉक्टरांना पडद्यावर चालू एक्स-रे दाखवायचा असतो. ते काम मी दोन वर्षं मागत होते. पण आमच्याकडे गरोदर बाईला तिथे उभं करत नाहीत. आमच्या विभागाच्या मॅडमनी फॉर्म दिला. त्यावर दोन चौकटी : 'गरोदर आहे', 'गरोदर नाही'.

"सोमवारपर्यंत खूण करून आण," मॅडम म्हणाल्या. "सोपा आहे."

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "गोळ्या सोडल्यावर गाडी रुळावर यायला तीन महिनेही लागतात. त्यानंतरही आली नाही तर ये, तपासू. पण पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं समजू नकोस हं. बीज पाळीच्या आधी तयार होतं, ते काही नोटीस देत नाही. घरी टेस्ट कर, आठवड्याने पुन्हा कर."

मी दोनदा केली. दोन्ही वेळा एकच रेघ. म्हणजे नाही. माझ्यापुरता विषय संपला असता, पण माझा नवरा वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर आहे. दुकानदाराचा काटा खरा की खोटा, हे तो शिक्क्याचं वजन ठेवून तपासतो. लग्नात त्याने माझा हात हातात घेतला तेव्हाही मला वाटलं होतं, हा अंदाज घेतोय.

"पट्ट्या एकाच खोक्यातल्या आहेत," तो म्हणाला. "अख्खं खोकंच बिघडलेलं असलं तर?"

"मग?"

"जिचा निकाल आधीच माहीत आहे, अशी वस्तू ठेवून बघायची. दोन वस्तू. एक नक्की नाही आणि एक नक्की हो."

"नक्की नाही कोण?"

त्याने छातीवर हात ठेवला.

नक्की हो म्हणजे माझी नणंद. तिला सातवा महिना चालू आहे आणि ती दोन गल्ल्या सोडून राहते. रविवारी सकाळी आम्ही रिकामी बरणी घेऊन तिच्या दारात उभे राहिलो. नवऱ्याने बरणी पुढे केली आणि काय हवंय ते सांगितलं.

ताईने आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सात महिन्यांत लोकांनी मला पोटाला हात लावू दे म्हटलं, नाव मी ठेवू का म्हटलं. हे मागायला मात्र सख्खा भाऊच लागतो."

"ताई, अगदी थोडी पुरे," तो म्हणाला.

"लाज कशी वाटत नाही रे? आणि तू गं, तू पण निघालीस याच्याबरोबर?"

"मी बरणी धुवून आणलीय," मी म्हटलं.

तिने दिली, पण अट घातली : निकाल बघायला ती येणार. "माल माझा आहे. मला हक्क आहे."

तर आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत तीन पट्ट्या ओळीने मांडल्या. खाली चिठ्ठ्या : ताई, मी, हा. नवऱ्याने पाच मिनिटांचा गजर लावला. ताई स्टुलावर बसली. नवरा स्वतःच्याच पट्टीकडे जरा जास्तच काळजीने बघत होता.

गजर वाजला. ताईच्या पट्टीवर दोन रेघा, रस्त्यावर मारतात तशा ठसठशीत. नवऱ्याच्या पट्टीवर एक. माझ्या पट्टीवर एक.

"अभिनंदन," ताई भावाला म्हणाली. "सुटलास."

"खोकं बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र खोकं बरोबर निघाल्यासारखा नव्हता.

मी माझी पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली, फिल्म धरतात तशी. तिरकी केली. पुन्हा सरळ केली. मनगटाच्या हाडातली केसाएवढी चीर शोधायलाही मला एवढा वेळ लागत नाही.

"काय शोधतेस गं?" ताईने विचारलं. "मिळालं ना तुला थिएटर?"

"मिळालं."

"मग?"

"काही नाही. बघतेय."

ताई उठली. तिने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि पुन्हा माझ्या चिठ्ठीवर ठेवली.

सोमवारी मी 'गरोदर नाही' वर खूण केली आणि खाली लिहिलं : आजच्या तारखेला.

मॅडमनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

मी बीज, नोटीस वगैरे सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं. खिडकीचं सांगायचं नव्हतं, तेही सांगून टाकलं.

मॅडमनी ड्रॉवर उघडून एक बॅज काढला. किरण किती लागले ते मोजणारा बॅज आम्ही सगळेच छातीवर लावतो. हा दुसरा होता. "हा पोटावर लाव, शिशाच्या एप्रनच्या आत. आणि दर सोमवारी मी तुला एक प्रश्न विचारणार."

"कुठला?"

"आजोबांना विचारलास तोच. उत्तर बदललं की त्याच दिवशी थिएटर सोडायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. इतक्या पटकन, की मॅडम हसल्या.

तो बॅज काढून ठेवायचा विसरून मी तशीच घरी आले. नवऱ्याने विचारलं, "आत कुणी नाही, मग हा कुणासाठी?"

मी सांगितलं. मला वाटलं हसेल. पण त्याने खाली वाकून बॅजचा नंबर वाचला आणि गंभीरपणे मान डोलावली.

"बरोबर आहे. वजन ठेवायच्या आधी रिकामं पारडं शून्य दाखवतंय ना, ते बघायचंच असतं." मग म्हणाला, "पुढची पट्टी कधी?"

"रविवारी."

"दोन आण," तो म्हणाला. "एकटीने कशाला करतेस?"