पाचवं काडतूस

"पाचवी गोळी बाहेर. ऊर्मिलाचा हात हलला." जयंतच्या वहीत हे वाक्य अकरा वेळा लिहिलेलं होतं, तेही लाल पेनाने. ऊर्मिला म्हणजे मी. मी मोजलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

जयंत माझा नवरा. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या एका कंपनीत मोजमापाचं काम करतो. मिलिमीटर त्याला ढोबळ वाटतो. २००६ साली आम्ही दोघांनी काडतुसं घरी भरायचा कोर्स केला, परीक्षा दिली, परवाने घेतले. कोल्ह्यांच्या शिकारीसाठी बनवलेली, छोट्या गोळीची रायफल आमच्याकडे होती. तळघरातला काडतुसं भरायचा प्रेस मात्र आमच्या साहेबांनी, म्हणजे जयंतने, ताब्यात घेतला. तो भरणार, मी मारणार. नेम माझा चांगला, हे त्यालाही मान्य होतं.

हिवाळाभर त्याने बंदुकीची दारू कमीजास्त करून पाहिली, तिचा कण न् कण तोलला, गोळी केसभर आत-बाहेर बसवली. फेब्रुवारीत जमलं. शंभर मीटरवर चार गोळ्या एकाच भोकात! आणि पाचवी बोटभर उजवीकडे. दर वेळी.

"शेवटच्या गोळीला तू घाबरतेस," जयंत म्हणाला.

"काडतुसातच काही असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं! अगं, सगळं गेनाऊ, अगदी काटेकोर तोललंय मी."

शनिवारी आमच्या नेमबाजी क्लबचे प्रमुख, ब्रेनर, जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी संघातली चौथी आणि शेवटची जागा ठरवणार होते. मला ती जागा हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. वाईट हे, की हात हलतो हे मलाही खरं वाटू लागलं होतं. त्यात जयंतने ते ब्रेनरनाही सांगून ठेवलेलं.

म्हणून गुरुवारी मी वही उघडली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे विचित्र रिपोर्ट आला की पेशंटला दोष देत नाहीत, आधी मशीन तपासतात. जयंतने मोठ्या शिस्तीने काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर एक ते पाच आकडे घातले होते. त्याच पाच पुंगळ्या तो पुन्हा पुन्हा भरायचा आणि मी त्याच क्रमाने मारायचे. म्हणजे शेवटची गोळी दर वेळी पाच नंबरच्याच पुंगळीतून सुटत होती. इतका हुशार माणूस, पण हे त्याला दिसलं नाही. दोष द्यायला मी आयती समोर होते ना!

शुक्रवारी रेंजवर मी पाच नंबरचं काडतूस पहिलं घातलं.

"अगं, क्रम चुकला!"

"गप्प उभा राहा."

पहिली गोळी बोटभर उजवीकडे गेली. उरलेल्या चारही एका भोकात. जयंतने दुर्बिणीतून पाहिलं आणि पाच नंबरची पुंगळी उचलून खिशात घातली. घरी येऊन त्याने ती पुंगळी मोजली. तिचं तोंड एका बाजूला जाड होतं, म्हणून गोळी तिरकी बसत होती. दारूचा कण न् कण तोलणाऱ्याने तोंडाची जाडी कधी मोजलीच नव्हती. मग राखून ठेवलेल्या दुसऱ्या पुंगळ्यांतून आम्ही दोघांनी मिळून एक निवडली, आणि ती मी भरली.

शनिवारी पाच गोळ्या मारल्या. पाचवीला श्वाससुद्धा अडला नाही. ब्रेनरनी टार्गेटवर एक सेंटचं नाणं ठेवलं. पाचही भोकं त्याखाली झाकली.

"आल्झो, म्हणजे हात बरा झाला म्हणायचा," ते मला म्हणाले.

मी काही बोलायच्या आत जयंत पुढे झाला. "हात कधीच बिघडला नव्हता," तो जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काडतूस माझं वाईट होतं. अकरा वेळा मी हिला उगाच दोष दिला."

माझ्या नेमाचा मला अभिमान होताच. त्या क्षणी माझ्या नवऱ्याचाही वाटला, खोटं कशाला बोलू?

ब्रेनरनी यादीत चौथं नाव माझं लिहिलं. जयंतने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळा क्लब वाजवू लागला. एरवी मी लाजून "पुरे रे" म्हटलं असतं. त्या दिवशी नाही म्हटलं.