घरात कुत्रं नाही

मनकर्णाबाईच्या मांडीतली लिंबाएवढी गाठ वर्षभरात पेरूएवढी झाली. साखरखेर्ड्यात जो तो म्हणे, बेंड आहे, तापल्या सळईनं डाग द्या. तिचा नवरा पुंजाजी तसा मुखदुर्बळ, बायकोपुढं ब्र न काढणारा. पण डागाचं नाव काढल्यावर त्यानं तिला सरळ मेहकरच्या मोटारीत बसवलं.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. त्यानं गाठ दाबून पाहिली. गरम नाही, दुखत नाही.

"घरी मेंढरं आहेत?"

"हायेत ना."

"आणि कुत्रं?"

"नाही," बाई ठणकावून म्हणाली.

"मग साधी गाठ दिसते. सुई घालून पाहू."

आता बाई खोटं बोलली का? छे हो! लेकरू नसलेल्या त्या घरात राजा होता. तिच्या ताटात जेवायचा, तिच्या वाकळीत झोपायचा. त्याला कुणी कुत्रं म्हटलं, की ती त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे.

सुई उकळून आली तसा पुंजाजीचा जीव थाऱ्यावर राहीना. डॉक्टरनं कुत्र्याचं काऊन इचारलं असन? बोललो तर ही तोंड पाहणार नाही. न बोललो अन् हिलेच काही झालं तर?

"सायेब, थांबा! आमचा राजा हाय ना... तो कुत्रा हाय."

बाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरनं सुई खाली ठेवली.

"बरं झालं बोललात. मेंढरांपासून कुत्र्याला जंत होतात. त्या जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली, की आत पाण्याची पिशवी धरते. बहुतेक यकृतात. मांडीच्या मांसात क्वचितच. ही तीच असली अन् मी टोचली असती, तर ते पाणी अंगात पसरून बाई इथंच गेली असती."

पुंजाजीनं तिला तशीच अकोल्याच्या मोटारीत बसवलं.

त्यानंतर बाई नवऱ्याशी अक्षर बोलली नाही. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात त्या जंताची परीक्षा म्हणून तिच्या हातात थेंबभर औषध टोचलं, तिथं ही मोठी लाल गांध उठली. डॉक्टरची शंका खरी निघाली. ऑपरेशनात पिशवी न फुटता अख्खी बाहेर आली. पुंजाजी उपाशीपोटी खाटेजवळून हलला नाही.

बाईनं डोळे उघडले.

"जेवण झालं का?"

"झालं असन ना," पुंजाजी घाईघाईनं म्हणाला. "शेजारच्या शालूबाईले सांगतलं हाय. भाकर टाकते त्याले, येगळ्या ताटलीत."

"अवो, राजाचं नाही," बाईनं त्याचा हात धरला. "तुमचं इचारून राह्यली मी."