सहा गोलांची संध्याकाळ

"नाणेफेकीची चकती चिखलात उभी राहिली," हे म्हणाले. "ना लाल, ना पांढरी. मग रेफ्रीने पुन्हा उडवली आणि लिव्हरपूल पुढे गेलं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" यांच्या दोस्ताने, युपने, टेबलावर थाप मारली. "पासष्ट साल, रॉटरडॅम. शार्लीला हरवेल असा माणूस अजून कोलोनमध्ये जन्मायचाय."

शार्ली म्हणजे आमचे हे, शरदचंद्र. कोलोनच्या निप्पेस भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गिझेलाचा पब आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी हे चाळीस वर्षं दर बुधवारी बसत आले. मी कधी गेले नव्हते. तो त्यांचा वार, ते त्यांचं जग. मला फुटबॉलमधलं चेंडूपलीकडे काही कळत नाही. पण दोन हजार सतराच्या त्या मे महिन्यात कोलोनचा क्लब, एफ सी, लीगमध्ये पाचवा आला होता, पंचवीस वर्षांनी युरोपात खेळायला जाणार होता, आणि गावातल्या बाल्कन्यांतून लाल-पांढरी फडकी लोंबत होती. जुन्या चाहत्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारी एक तरुण मुलगी येणार होती. युपने बजावलं होतं, या वेळी बायकोला आणायचं.

म्हणून मी चांगली साडी नेसून, वर कोट घालून यांच्या शेजारी बसले होते. गिझेलाने माझ्यासमोर सफरचंदाचा रस ठेवला. यांच्यासमोर बिअरचा तो चिमुकला ग्लास. इथली रीत अशी की ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची.

प्रश्न सुरूच होते. युप विचारायचा, हे सांगायचे. अठ्ठ्याहत्तर साली शेवटच्या दिवशी ग्लाडबाखने डॉर्टमुंडला किती गोल मारले? "बारा-शून्य, आणि तरी चॅम्पियन आपण!" शेजारच्या गावाच्या त्या क्लबचं नाव निघताच सगळ्यांनी एका सुरात हुर्यो केली. हे हसत होते. सांगलीच्या तंत्रशाळेत शिकवायचे तेव्हा जसे हसायचे तसे. मला बरं वाटलं. किती वर्षांनी मी ते हसू पाहत होते!

"आल्झो, तर मग," युप त्या मुलीकडे वळला. "आता पुढचं विचारायचं नाही, ऐकायचं. सत्त्याहत्तरचा ऑगस्ट. ब्रेमेनविरुद्ध सात-दोन. डीटर म्युलरचे एकट्याचे सहा गोल! असा विक्रम पुन्हा झाला नाही. आणि त्या दिवशी टीव्हीचे कॅमेरे नव्हते, संप होता म्हणतात. त्या गोलांचं चित्र जगात कुठेच नाही. पण आपल्या शार्लीच्या डोळ्यांत आहे. शार्ली तिथे होता."

मुलीने यंत्र पुढे सरकवलं. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आवाज खाली आणून सांगायला लागले. माणसं कमी होती, स्टेडियम अर्धंसुद्धा भरलेलं नव्हतं, त्यामुळे चेंडूला लाथ बसल्याचा आवाजही ऐकू येत होता. सहावा गेला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने यांना मिठी मारली. सगळ्यांना पाठ असणार, तरी ऐकत होते.

"आणि तुम्ही?" मुलीने मला विचारलं. "सामन्यानंतर घरी आल्यावर काय म्हणाले हे?"

त्या टेबलावर मला कुणीतरी पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी सरसावून बसले. माझी आठवण पक्की आहे, सगळे म्हणतात.

"ऑगस्टची सतरा तारीख ना? बुधवार," मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या जर्मनमध्ये म्हणाले. "आदल्या दिवशी एल्व्हिस गेला होता. वॉर्डात सगळ्या सिस्टर रडत होत्या. माझी नाइट होती. आणि आमची सुकन्या तापाने फणफणलेली. सकाळी मी आले तर हे तिच्या उशाशी तसेच बसलेले. रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. पोरीच्या कपाळावर मीठ वाळून पांढरं झालं होतं. जागेवरून हलले नाहीत हो हे! घरातून बाहेर पाऊल म्हणून..."

तिथे मला कळलं.

यांचे कान लाल झाले होते. युपने हात लांब करून यंत्राचं बटण दाबलं, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीतला दिवा मालवावा तसं. "हो, हो," तो म्हणाला, "इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात राहतं." गिझेला नवा ग्लास घेऊन आली. यांनी आपल्या अर्ध्या भरलेल्या ग्लासावर चकती ठेवली आणि कोट उचलला.

आम्ही चर्चच्या दिशेने चालू लागलो.

"अहो, मला काय ठाऊक तुम्ही त्यांना असं सांगितलंय?"

"तुला कसं ठाऊक असणार."

"मी आपली कौतुकाने सांगायला गेले."

"हो. तारीख, वार, सिस्टर रडल्या ते, सगळं बरोबर सांगितलंस."

चर्चपाशी बाक आहे, तिथे हे बसले. मीही बसले. मग म्हणाले, "कामाची परवानगी नव्हती गं मला तेव्हा. तू दवाखान्यात, मी घरी. पहिल्यांदा त्या पबात गेलो तर युपने विचारलं, काय करतोस? बायको कमावते, मी मूल सांभाळतो, एवढं जर्मन मला येत होतं. तोंडातून निघेना. मग त्याने विचारलं, परवाच्या बुधवारी स्टेडियमवर होतास? मी म्हटलं, होतो. त्याने सरकून जागा दिली."

"आणि ते गोल?"

"रेडिओ होता ना. पोरीला जाग येऊ नये म्हणून कानाला लावून ऐकत होतो. एका हाताने पट्टी बदलायची."

"मग त्यात लाज कसली? स्वतःच्या लेकीची तर सेवा केलीत."

हे माझ्याकडे वळले. "तू वॉर्डात काय सांगायचीस, नवरा काय करतो म्हणून?"

ते शिकतायत, असं मी सांगायची. दोन वर्षं सांगत होते. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण त्यांना माहीत होतं. मी साडीच्या निऱ्या नीट करत बसले.

पुढे परवानगी मिळाली, पार्सलच्या गोदामात नोकरी लागली, तिथूनच निवृत्त झाले. चारचौघांसारखं आयुष्य. पण त्या टेबलावर त्यांना मान होता, तो मी एका वाक्यात घालवला.

"युपने ते यंत्र बंद करायला नको होतं," उठताना हे म्हणाले. "त्याची जास्त लाज वाटली."

पुढच्या बुधवारी संध्याकाळी हे पेपर उघडून बसले. पान उलटेना. शेवटी स्वतःच उठून क्लबचा लाल-पांढरा मफलर घेतला.

"येतेस?"

"मी येऊन काय करू?"

"बस नुसती. बोलू नकोस म्हणजे झालं," म्हणाले आणि ओशाळं हसले.

खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामी होती. युपने ती थोडी मागे ओढून ठेवली होती. यांनी पाहिलं, मान हलवली आणि दाराजवळच्या लहान टेबलाशी बसले, मी समोर. गिझेलाने ग्लास आणून ठेवला. तिकडे कुणाचं तरी बोलणं सुरू होतं. मग ते थांबलं आणि युपने तिथूनच, नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"शार्ली! अठ्ठ्याहत्तरचा तोच शेवटचा दिवस, हॅम्बुर्गला सेंट पाउलीविरुद्ध आपले पाच-शून्य. त्यात आपल्या जपानी ओकुदेराचे किती?"

सगळी डोकी इकडे वळली. यांनी ग्लास खाली ठेवला, मफलर सारखा केला, आणि ताठ बसले.

"दोन," हे म्हणाले. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "रेडिओवर ऐकलं."